तूर दाबली की कीर्तन

बसल्या जागेवरून न उठता जगातलं सगळं झालं पाहिजे, असं मानणारी माणसं पुष्कळ असतात. पण त्या एका सोयीसाठी जन्मभर उभा राहिलेला, शिडीवर चढलेला, पलंगाखाली शिरलेला आणि वेळोवेळी शॉक खाल्लेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्याच नात्यात निघाला. ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. त्यांच्यावर मी आयुष्यभर हसलो. घरी हसलो, कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हसलो, त्यांच्या तोंडावरही हसलो. तेही हसायचे, त्यामुळे आपण काही चूक करतो आहोत असं मला कधी वाटलं नाही.

दाजी जाफराबादच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर होते. ऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला गावात फोन ते किती असणार? जेवढे होते तेवढ्या सगळ्यांचे नंबर त्यांना पाठ होते, आणि कुठलाही नंबर कागदावर लिहिणं त्यांना कमीपणाचं वाटे. ट्रंककॉल तीन मिनिटांचा असायचा. ती तीन मिनिटं त्यांच्या हाडात इतकी मुरली होती की घरी पाहुणा गप्पा मारायला बसला तरी बरोबर तीन मिनिटांनी ते घड्याळाकडे बघून म्हणत, "तीन मिनिटं झाली. वाढवून देऊ का?" माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी हेच माझ्या होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं. सासरे भले गृहस्थ. ते इतके गडबडले की मुहूर्त, कार्यालय आणि जेवणातलं पक्वान्न हे सगळं त्यांनी उरलेल्या एका वाक्यात मान्य करून टाकलं. एक्स्चेंजात मात्र दाजी कुणाचा फोन कधी तोडत नसत. मी एकदा त्यांच्याजवळ बसलो होतो, तेव्हा एक म्हातारे गृहस्थ खिडकीशी हात जोडून उभे होते. लाईन जोडून दिल्यावर दाजी मला म्हणाले, "दिवसभर लोकं माझी मनधरणी करून राह्यलेत, प्रोफेसर. जरा जोडा, तेवढं जोडा. मला बिलकुल चांगलं वाटत न्हाई. माणसाला आपलं माणूस ऐकायचं तर दुसऱ्याच्या पाया पडायचं?" मी तेव्हा प्रोफेसर नव्हतो, बी.ए.ला होतो, पण इंग्रजी घेतलं म्हणून त्यांनी मला तेव्हाच बढती देऊन टाकली होती.

दाजींच्या घरात पहिला टीव्ही आला, ब्लॅक अँड व्हाईट, तेव्हा रिमोट ही वस्तू गावाने पाहिलेली नव्हती. दाजींनी वेळूच्या काठीला सायकलची तार वाकवून लावली आणि पलंगावर पडून आवाजाचं बटण फिरवायला सुरुवात केली. अँटिना फिरवायला छपरावर चढावं लागे, म्हणून त्यांनी ती सायकलच्या रिंगवर बसवली आणि दोन दोऱ्या खिडकीतून आत घेतल्या. डावी दोरी ओढली की चित्र यायचं, उजवी ओढली की जायचं. एकदा त्यांनी कुस्तीच्या ऐन वेळेला डावी दोरी जोरात ओढली आणि शेजाऱ्यांचं वाळत घातलेलं धोतर कौलांवरून सरपटत दाजींच्या खिडकीत आलं. अक्का कपाळाला हात लावून म्हणाली, "उठून गेल्ते तर पाय झिजले अस्ते का?" आमच्या अक्काचा स्वभाव असा. तिला कुणाला विनंती करता यायची नाही. ती हुकूम करायची. लहानपणी मला तिने "पाणी आण" एवढंही कधी म्हटलं नाही. नुसता रिकामा तांब्या माझ्यासमोर ठेवायची आणि मी उठायचो.

पन्नाशीच्या आसपास अक्काला काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. जालन्याला दाखवलं, संभाजीनगरला दाखवलं, पण गेलेली नजर परत येत नाही असं सगळ्यांनी सांगितलं. ती स्वयंपाक अंदाजाने करायची, दळण हाताने चाळायची, पण घरात आता टीव्ही, डिशचा डबा, सीडी प्लेअर आणि म्युझिक सिस्टीम अशी चार यंत्रं होती आणि त्यांचे चार गुळगुळीत रिमोट. एके दुपारी दाजी कामावरून लवकर घरी आले तर अक्का पलंगावर नुसती बसलेली. घर चिडीचूप. रोज या वेळेला ती कीर्तनाची सीडी ऐकायची. "लावलं न्हाई का?" दाजींनी विचारलं. अक्का म्हणाली, "कुणाला म्हणू? पोरगी कॉलेजात. शेजारणीला दोनदा म्हणलं. तिसऱ्यांदा लाज वाटती." हे मला दाजींनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. अक्काने कुणाला लाजून मागावं, ही गोष्ट त्यांच्या मनात सलत राहिली. एकुलती एक पोरगी लग्न होऊन गेली की घरात आपण दोघंच, आणि आपण काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही, असं ते मोजत होते. आपल्या मागे हिला कुणाला काही म्हणावं लागू नये, एवढं एकच त्यांना करायचं होतं.

त्याच सुमाराला नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याच्या बंगल्यात ते इंटरकॉम दुरुस्त करायला गेले होते; एक्स्चेंज ऑटोमॅटिक झाल्यापासून खात्याने त्यांना दुरुस्तीच्या कामाला लावलं होतं. शेटजींनी हौसेने बाहेरून माणसं आणून दिवाणखान्याच्या भिंतीत आठ बटणांची एक पाटी बसवून घेतली होती. एक बटण दाबलं की टीव्ही, आवाजाची पेटी, पडदा सगळं आपोआप सुरू होणार. माणसं बसवून निघून गेली आणि ते चालवायचं कसं हे बंगल्यात कुणालाच कळेना. शेवटी वैतागून शेटजींनी ती पाटी काढून टाकली आणि दाजींनी ती पुस्तिकेसकट पिशवीत घालून एस.टी.ने जाफराबादला आणली. दुसऱ्या दिवशी भिंतीला भोक.

त्या पाटीला एक बारीक डोळा होता. त्याच्यासमोर रिमोट धरायचा, बटण दाबून ठेवायचं, लाल दिवा लुकलुकला की पाटी ते शिकली. अशा एकामागे एक दहा-बारा गोष्टी एका बटणाला शिकवायच्या, मध्ये किती थांबायचं तेही शिकवायचं, कारण टीव्हीला जागं व्हायला वेळ लागतो आणि तोवर त्याला काही सांगितलं तर ऐकू येत नाही. दाजी पाटीला मुलासारखं शिकवत. "हां, बराबर. आता थांब. घाई करू नको. आता डबा लाव." अक्काला बटणं ओळखू यावीत म्हणून त्यांनी एकेका बटणावर एकेक दाणा चिकटवला. तूर दाबली की कीर्तन, मका दाबला की मालिका, ज्वारीला रेडिओ, आणि सरकीला सगळं बंद. शेतकऱ्याची पोर ती, बोट लावताच ओळखायची. पावसाळ्यात मक्याला सोंडकिडा लागला. दाजींनी मला फोन करून सांगितलं, "टीव्हीला कीड लागली हो प्रोफेसर." हे मी स्टाफरूममध्ये निदान महिनाभर पुरवून वापरलं. पुढे त्यांनी दाण्यांवर पोरीच्या नेलपॉलिशचे दोन हात दिले.

खरा शत्रू होता लोडशेडिंग. टीव्ही चालू करायचं आणि बंद करायचं बटण एकच. लाईट गेली आणि आली की कुठलं यंत्र जागं आहे आणि कुठलं झोपलंय याचा पाटीला पत्ता नसायचा, आणि ती बिचारी चालू करायला जाऊन बंद करायची आणि बंद करायला जाऊन चालू. पोरीला बघायला पाहुणे आले त्या दिवशी दाजींनी ऐटीत ज्वारी दाबली. रेडिओवर त्या वेळेला मंद सनई लागणार होती. लाईट नुकतीच आली होती. सनईच्या जागी टीव्ही पूर्ण आवाजात सुरू झाला आणि एक शेतीतज्ज्ञ बोंडअळीवर ओरडू लागले. दाजी बटणं दाबतात आणि आवाज वाढतो. पण पाहुणे भोकरदनकडचे, कपाशीवाले. मुलाचे वडील हात वर करून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या, कामाचं सांगून राह्यले." पोरगी पोह्यांचं ताट घेऊन उभी, आणि सगळी बैठक फवारणी ऐकतेय. लग्न जमलं हे विशेष.

यावर उपाय सापडायला दाजींना तीन महिने लागले. सापडला त्या दिवशी ते बनियनवर रस्त्यात आले आणि तिथूनच समोरच्या पीसीओवर जाऊन त्यांनी मला फोन केला. घरचा फोन त्या आनंदात विसरले. "प्रोफेसर, टीव्ही झोपलेला असला अन् चॅनेलचा आकडा दाबला तर तो उठतो. जागा असला तर जागाच राहतो! मंग बंद करायचं असंल तर आधी उठवायचं, मंग झोपवायचं. चुकायचा सवालच न्हाई." त्या दिवसापासून अक्काचं राज्य सुरू झालं. दुपारी तूर, संध्याकाळी मका. मी गेलो की मला ऐटीत म्हणायची, "काय ऐकतो बोल. लावते." दाजी कोपऱ्यात बसून नुसते तिच्या बोटाकडे बघत.

एक गोष्ट राहिली होती. पुस्तिका इंग्रजीत, आणि दाजींचं इंग्रजी 'नंबर प्लीज' आणि 'लाईन बिझी' यांच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. बाकीचं त्यांनी धडपडून, चुकून शिकून घेतलं, पण एका पानावर जाड काळी चौकट होती. ती त्यांना स्वस्थ बसू देईना. त्या पानाची झेरॉक्स त्यांनी कंडक्टरच्या हाती जालन्याला माझ्याकडे पाठवली आणि फोनवर म्हणाले, "चौकट केली म्हणजे कायतरी महत्त्वाचं असणार. मराठीत लिहून द्या. जल्दी न्हाई, पण द्या." आठ-दहा ओळी होत्या. माझ्यासमोर तेव्हा पेपरांचे गठ्ठे होते. मग सुट्टी लागली. मग सेमिनार आला. दर रविवारी दाजी विचारायचे आणि मी दर रविवारी म्हणायचो, "या आठवड्यात नक्की." ते पुढे कधी रेटायचे नाहीत. दुसऱ्याची मनधरणी करणं त्यांना येतच नव्हतं.

पौषात एका सकाळी दाढी करता करता ते खुर्चीतच गेले. गालाला साबण तसाच होता.

तेरावं झाल्यावर मी अक्काला थोडे दिवस जालन्याला माझ्याकडे घेऊन निघालो. पोरगी पुढे जीपमध्ये तिला धरून बसली होती. घर बंद करणारा मी. गॅस पाहिला, नळ पाहिला, खिडक्यांच्या कड्या घातल्या आणि कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली ओढला. गावाला जाताना मेन बंद करायचा ही आमच्या घरची शिस्त आहे. माझ्या वडिलांनी ती आम्हाला छडीने शिकवली. दाजींनी मीटरखाली लाल रंगात 'हात लावू नये' असं लिहिलं होतं. तेही मी वाचलं, आणि मला वाटलं, दाजींचं आपलं काहीतरी.

आठ दिवसांनी अक्का म्हणाली, मला माझ्या घरी सोड. मी तिला घेऊन आलो, मेन वर केला. ती भिंतीला हात लावत लावत गेली, तूर शोधली, दाबली. पुन्हा दाबली. मग मका. मग ज्वारी. दिवासुद्धा लुकलुकला नाही. "लाईट न्हाई का?" तिने विचारलं. डोक्यावर पंखा फिरत होता, त्याचा आवाज तिलाही येत होता. 

त्या दिवशी जालन्याला परत येऊन मी टेबलाचा खण उघडला आणि ती चौकट वाचली. साधं इंग्रजी होतं. मी वर्गात याहून कितीतरी अवघड शिकवतो. आत एक छोटी बॅटरी आहे. ती दरवर्षी बदलावी, आणि बदलताना लाईट चालू असावी. बॅटरी जुनी झाली की ती काही तासच तग धरते; त्याहून जास्त वेळ मेन बंद राहिला, तर शिकवलेलं सगळं पुसलं जातं आणि ते परत आणता येत नाही. वाचायला मला तीन मिनिटंही लागली नाहीत.

मी नंतर नवी बॅटरी आणली, चार रविवार त्या पाटीसमोर रिमोट धरून उभा राहिलो. पण कुठल्या बटणाला काय, कशानंतर किती थांबायचं, हे दाजींनी कुठेच लिहून ठेवलेलं नव्हतं. सगळं पाठ. माझ्या हातून रेडिओ लागायचा, तर टीव्ही बंद व्हायचा. जालन्याहून एक मेकॅनिक नेला. त्याने पाटीकडे पाहिलं, दाण्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, हे निकालात काढा." अक्का आतून म्हणाली, "राहू दे रे. कशाला खर्चा करतो." ती रागावली असती तर बरं झालं असतं. पानाचं मी तिला सांगितलं तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "तुला कामं असतात."

मागच्या रविवारी मी गेलो होतो. चहा झाला, पोरीची खुशाली झाली.  अक्काने पदर सारखा केला आणि माझ्या दिशेला, पण थोडं बाजूला बघत म्हणाली, "तुला वेळ असला तर... जरा कीर्तन लावून देतो का?"

माझ्या उभ्या जन्मात ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मी उठलो आणि लावून दिलं. "अगं, मला काय विचारतेस? सांगायचं नुसतं," मी म्हणालो. कीर्तनकाराचा आवाज घरभर झाला. अक्का म्हणाली, "सांगितलं तर माणूस एकदा उठतं. दोनदा उठतं."

मी दर रविवारी जातो. बाकीचे सहा दिवस ती कुणाला सांगते, की न सांगता तशीच बसते, हे मी अजून तिला विचारलेलं नाही.