दहा, दहा आणि वर दहा

एका मंगळवारी माझे पती वारले. लातुरातलं आमचं पाइपांचं दुकान चाळीस दिवस बंद राहिलं.

एक्केचाळिसाव्या दिवशी धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, पुस्तकं वाचणं येगळं अन् धंदा येगळा. दुकान भाड्यानं देऊन टाका." शाळेच्या ग्रंथालयात माझी वीस वर्षं गेलेली, त्यामुळे मला राग आला नाही. मी एवढंच म्हटलं, "एक ऑर्डर मी देऊन बघते. फसले तर किल्ली तुमची."

दोनच दिवसांनी कंपनीचे एजंट नांदेडहून आले. चहा घेऊन ते म्हणाले, "साहेबांना छापील किमतीवर सरळ तीस टक्के सूट होती. तुम्हाला दहा, दहा अन् वर दहा देतो, वहिनी. तीनदा सूट!"

"घ्या वहिनी," दीर म्हणाले. "लई भला माणूस हाय."

मला एकदम आमचा बघण्याचा कार्यक्रम आठवला. पोह्यांची बशी हातात धरून ह्यांनी मला विचारलं होतं, "शंभराच्या पाइपवर वीस टक्के सूट, मग दहा, मग पाच. कितीला पडला?"

"पासष्ट," मी ठणकावून सांगितलं.

हे इतके हसले की पोहे सतरंजीवर सांडले. "अडुसष्ट चाळीस! दुसरी सूट उरलेल्यावर बसते."

स्थळ गेलं म्हणून बाबांनी कपाळाला हात लावला. पण लग्न झालं, आणि पुढे प्रत्येक भांडणात हे विचारायचे, "किती राग उरला?"

"वीस टक्के सोडला."

"आणखी दहा सोड की."

"बहात्तर उरला!" असं म्हणेपर्यंत मला हसू फुटलेलं असायचं.

तेच हसू आता दुकानात, एजंटसमोर फुटलं. जुन्या बिलाच्या पाठीवर मी लिहीत होते: शंभर, नव्वद, एक्याऐंशी, बहात्तर नव्वद. पेन हलत होता, खांदे हलत होते. दीर पाण्याचा तांब्या घेऊन धावले. "वहिनी, काय होऊन राहिलं तुम्हाला?"

"भाऊजी, हे तीस नाही, सत्तावीस पूर्णांक एक आहे! ह्यांना सत्तरला पडत होता, मला बहात्तर नव्वदला!"

एजंट छताच्या पंख्याकडे बघू लागले. "बरं, वर पाच टक्के आणखी घ्या."

मी पुन्हा पेन चालवला. एकोणसत्तर सव्वीस. शंभरामागे ह्यांच्यापेक्षा चौऱ्याहत्तर पैशांनी स्वस्त! हे मी इतक्या मोठ्यानं ओरडले की शेजारचा रंगवाला डोकावला. हसता हसता मी रडले, मग रडता रडता पुन्हा हसले. दिरांचंही तेच झालं. डोळे पुसत त्यांनी खिशातली दुसरी किल्ली काढून माझ्यासमोर ठेवली. "चालवा बाई तुम्हीच."

दोन्ही किल्ल्या आता माझ्याकडे आहेत. दुकान रोज दहाला उघडतं. पासष्ट म्हटल्यावर हसणारं घरात मी एकटीच आहे.