मांडीवरचा तांब्या

आमच्या ह्यांना गाडीचं वेड आहे हे लग्न ठरताना कुणी सांगितलं नव्हतं. सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला नोकरी, मुलगा निर्व्यसनी, एवढंच कळलं होतं. निर्व्यसनी! इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी एक जुनी गाडी होती, तिचं इंजिन ह्यांनी स्वतः उघडून बांधलेलं. वर्षातून एखाद्या वेळी क्लबवाले परवानगी काढून शहराबाहेरच्या सरळ रस्त्यावर शर्यत लावायचे. दोन गाड्या, एक झेंडा, आणि घोटभर चहा प्यायच्या आत निकाल. एवढ्यासाठी वर्षभराचे रविवार गाडीखाली झोपून काढायचे. बाकी दिवस तीच गाडी भाजी आणायला आणि येवल्याला माझ्या माहेरी जायला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा शर्यतीसाठी म्हणून गाडीला नुकतेच कडक शॉकअप बसवले होते. तिसऱ्या महिन्यात येवल्याहून परत आलो आणि दोन दिवसांनी सगळं संपलं. सासूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "गचके बसले गं पोरीला. त्या मेल्या गाडीनं घात केला."

डॉक्टरबाईंनी ह्यांना समोर बसवून सांगितलं, "गचक्यांनी असं होत नसतं. गर्भच नीट धरला नव्हता. गाडीला बोल लावू नका." ह्यांनी मान डोलावली. घरी आले, कपडेही न बदलता पान्हे घेऊन गेले आणि ते कडक शॉकअप काढून टाकले.

मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर मलाही सासूबाईंचंच बरं वाटत होतं. दोष गाडीत असला तर तो माझ्यात नव्हता. आणि गाडी दुरुस्त करता येते.

मग शॉकअपचा शोध सुरू झाला. शर्यत सोडा असं मी म्हटलं नाही, सोडतो असं हेही म्हणाले नाहीत. दोन्ही जमेल असे, कमी-जास्त करता येणारे शॉकअप घ्यायचं ठरलं. द्वारका चौकाजवळच्या गॅरेजवाल्याने दोन प्रकार बाकावर मांडले. एकाला एकच बटण, दुसऱ्याला दोन. एक बटण फिरवलं की दबणं आणि उसळणं दोन्ही एकदमच सैल, नाहीतर एकदमच कडक. "अन् आपल्याला तर एक सैल, एक कडक पाहिजे," हे म्हणाले. शर्यतीत सुटताना गाडीचं नाक वर उचललं गेलं पाहिजे, म्हणजे भार मागच्या चाकांवर जातो आणि ती जमीन धरतात. त्यासाठी मागचं दबणं कडक आणि पुढचं उसळणं सैल हवं. पण तसंच सैल ठेवून रस्त्यावर नेली तर गाडी होडीसारखी डुलते आणि माझ्या पोटात ढवळतं. मला हवं होतं दबणं मऊ आणि उसळणं आवळलेलं.

"भाभी, मग दोन बटनवालेच घ्या," गॅरेजवाला म्हणाला. मला का सांगत होता कोण जाणे. ह्यांनी केव्हाच हातात घेतले होते.

बसवून झाल्यावर परीक्षा. मोजता येईल तेच खरं, असा ह्यांचा कारखान्याचा बाणा. घरातला पितळी तांब्या काठोकाठ भरून माझ्या मांडीवर दिला आणि गाडी पेठ रोडला काढली. त्या रस्त्याला रस्ता म्हणणं म्हणजे आंधळ्याचं नाव नयनसुख. पहिल्याच खड्ड्यात माझी साडी चिंब. हे उतरले, गाडीखाली गेले, बटण थोडं फिरवलं, हातपंपावर तांब्या पुन्हा भरला, पुन्हा निघालो. असं दुपारभर. एका म्हाताऱ्याला वाटलं आम्ही त्र्यंबकेश्वराला गंगेचं पाणी नेतोय. त्याने थांबून माझ्या मांडीला हात जोडले. आम्ही दोघं किती हसलो! त्या दिवसांत तेवढंच हसलेलं आठवतं.

परतताना चार थेंब सांडले असतील. ह्यांनी माझ्या नेलपॉलिशने बटणांवर खुणा केल्या, लाल शर्यतीची आणि गुलाबी माझी. लाल खूण पुढे कधी वापरलीच नाही.

वर्षभराने पुन्हा दिवस गेले. ह्या वेळी सासूबाईंनी मला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. महिनाभर मी गाडीचं दारसुद्धा उघडलं नाही. पायाखाली उशी, पांघरायला दुलई, पंचवटीतल्या आमच्या बोळात रिक्षाही येत नाही, मग गचका बसणार कुठून? एका दुपारी पलंगावर बसून मटार सोलत होते. कमरेत कळ आली, आणि मला कळलं.

ह्यांनी मला उचलून बोळाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या गाडीपर्यंत नेलं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी ठेवून घेतलं. सासूबाईंना आता नावं ठेवायला गाडी उरली नव्हती. त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या त्या बघण्याचा राग अजून गेलेला नाही. पण बघू नका असं तरी कोणत्या तोंडाने म्हणणार होते? मी स्वतःही माझ्याकडे तसंच बघत होते.

तिसऱ्या दिवशी घरी निघालो. सासूबाई पुढे रिक्षाने गेल्या होत्या, गाडीत आम्ही दोघंच. पंचवटी कारंज्याच्या अलीकडे पाइपलाइनसाठी रस्ता खणलेला होता. हे गाडी जवळजवळ थांबवत आले, पहिला गिअर टाकला, एकेक चाक खड्ड्यात उतरवायला लागले. मागे रिक्षावाले हॉर्न मारत होते, शिव्या देत होते.

"अहो, आता कशाला?" मी म्हटलं.

ह्यांनी समोर बघत, दात आवळून, पुढची चाकं वर काढली, मग मागची. गाडी पैलतीराला लागली तरी मला काही जाणवलं नाही. मांडीवर तांब्या असता तर थेंबही सांडला नसता.