चार मिनिटं उभं राहण्यासाठी लखनौ

माझ्या नाचाबद्दल नागपुरात एकच मत आहे: "त्यात ती नुसती उभी राहते." हे अगदीच खोटं नाही. माझ्या 'पहारा' या एकल नाचात मधोमध चारेक मिनिटं मी जागची हलत नाही. बाबा सैन्यात होते. पहाऱ्यावर तासन्‌तास कसं उभं राहायचं ते त्यांनी मला लहानपणी अंगणात शिकवलं. गुडघे ताठ आवळायचे नाहीत, नाहीतर भोवळ येते. वजन चवड्यांवर घ्यायचं. बुटाच्या आत बोटं हलवत राहायची. बघणाऱ्याला वाटतं पुतळा, आत मात्र काम सुरूच असतं. मला तेच नाचायचं होतं. दोन ठिकाणी दाखवलं, दोन्हीकडे उत्तर आलं की यात बघण्यासारखं काही नाही.

मग लखनौच्या एका नृत्यघराची जाहिरात वाचनात आली. येत्या हिवाळ्यात तिथे समकालीन नाचाचा मोसम भरणार, आणि त्यातली एक संध्याकाळ नव्या एकल कलाकाराला मिळणार. निवडीसाठी प्रेक्षकांसमोर खुली तालीम करून दाखवायची. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या नाचात मागच्या रांगेत नाचले आहे. मला माझ्या नावाची एक संध्याकाळ हवी होती, आणि ती घेऊनच परत यायचं असं ठरवून मी तिकीट काढलं.

नागपूरहून लखनौला थेट गाड्या आहेत. रात्रीची घ्या, सकाळी झाशीच्या आसपास जाग येते आणि चहा मिळतो. पोहोचल्या दिवशी कार्यक्रम ठेवू नका, अंग आंबलेलं असतं. चारबाग स्टेशनच्या समोरच मेट्रो आहे. बसने येणारे आलमबागला उतरतात, त्यांनाही हीच मेट्रो सोयीची. मी आयटी कॉलेज स्टेशनला उतरले आणि तिथून ई-रिक्षाने अलीगंज गाठलं. रिक्षावाला आणखी दोन सवाऱ्या मिळेपर्यंत हलत नाही, तेव्हा भांडू नका, बसून राहा.

अलीगंजला माझी मावशी राहते. काका सरकारी बँकेत लागले तेव्हापासून हे लोक इथलेच झालेत. दारातच जयभीम झाला आणि मावशीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती वाळली बाप्पा. नाचून नाचून असंच होते."

"मावशी, मी तर नुसती उभी राहते."

"मग तर जास्तच वाळली."

तिची मुलगी स्नेहल कॉलेजात आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून हिंदीच निघते. तिने जेवताना विचारलं, "दीदी, सच में चार मिनट कुछ नहीं होता? लोग बोर नहीं होते?" मी म्हटलं, उद्या येऊन बघ.

ते नृत्यघर कैसरबागेजवळच्या एका गल्लीत आहे. पत्ता विचारायची गरज पडली नाही, घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू येतो. सकाळी तिथे मुलांचे कथकचे वर्ग चालतात, दुपारपासून बाकीचं सगळं. चालवणाऱ्या बाईंना सगळे दीदीच म्हणतात. साठीच्या, बारीक, बोलायला गोड आणि ठरवायला कडक. दुपारच्या तालमीला आसपासची मंडळी आली होती: शेजारी, पालक, जन्मभर कथक पाहिलेले दोन-तीन आजोबा. दाद मनापासून देणारे लोक. पहिली काही मिनिटं माझ्या पावलापावलाला "वाह, क्या बात है" येत होतं आणि मी हवेत होते.

मग मी थांबले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मला कळायला क्षणभर वेळ लागला. कथकमध्ये नाचणारी समेवर येऊन स्थिर झाली की तुकडा संपतो आणि दाद द्यायची असते. त्यांच्या लेखी माझं काम झालं होतं. मी हलले नाही. टाळ्या विरल्या, मग मी ऐकलंच नसेल असं समजून कोणीतरी पुन्हा वाजवल्या. मागून एक आजोबा प्रेमाने म्हणाले, "हो गया बेटा, बहुत अच्छा था।" हशा पिकला. तेवढ्यात कोणीतरी सभागृहाचे सगळे दिवे लावून टाकले. माझे कान तापले होते. मी पायाची बोटं हलवत उभी राहिले, चार मिनिटं पुरी केली आणि उरलेला नाच ट्यूबलाइटच्या उजेडात नाचले.

नंतर दीदींनी मला आत बोलावलं. "काम अच्छा है आपका। ये ठहराव एक मिनट का कर दीजिए, नीचे हल्का-सा तबला डाल दीजिए, तारीख़ आज ही दे देते हैं।"

"तबला बजेगा तो वो पहरा नहीं रहेगा, दीदी।"

"और नहीं बजेगा तो लोग घर चले जाएँगे।"

मी नाही म्हटलं. फक्त आणखी एक संधी मागितली. त्या म्हणाल्या, "कल सुबह आ जाइए। बच्चों की मम्मियाँ बाहर बैठी रहती हैं, उन्हें दिखा दीजिए। उसके बाद हम बहस नहीं करेंगे।"

बाहेर थांबलेल्या स्नेहलला हे सांगताच ती उखडली. "हाँ बोल देतीं यार, दीदी। तारीख़ मिल रही थी।" ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून मला जास्त राग आला. त्या रागात आम्ही बडा इमामबाडा पाहिला. तिथल्या भूलभुलैयात वाटाड्या घ्याच, आणि चपला काढाव्या लागतात म्हणून मोजे न्या. चौक नावाच्या जुन्या भागात गलौटी कबाब आणि शीरमाल ही केशरी, गोडसर रोटी खाल्ली. कबाब दाताखाली येण्याआधीच विरघळतो, त्यामुळे किती खाल्ले ते कळत नाही. मला पोट बिघडल्यावर कळलं.

संध्याकाळी हजरतगंजला चाटसाठी रांगेत उभ्या होतो. रांग लांब होती आणि स्नेहल एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार टाकत कुरकुरत होती. मी वैतागून म्हटलं, गुडघे सैल सोड, वजन पुढे घे, बोटं हलव. तिने करून पाहिलं. पुढचं गिऱ्हाईक सरकेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "अच्छा... ये तो मेहनत का काम है। बाहर से पता ही नहीं चलता।"

त्या रांगेतच मी ठरवलं, उद्या नाच मी एकटी सुरू करणार नाही.

सकाळी दहा-बारा आया जमल्या होत्या. कोणाच्या हातात डबा, कोणाच्या मांडीवर धाकटं पोर. हौसेने मावशीही आली होती. दीदी दाराशी हात बांधून थांबल्या होत्या. मी म्हटलं, "नाच से पहले एक मिनट आप सब मेरे साथ खड़े रहेंगे। कुछ करना नहीं है, बस हिलना नहीं है।" बाबांनी शिकवलं होतं तसं गुडघ्याचं, चवड्याचं, बोटांचं सांगितलं. सुरुवातीला खिदळणं झालं. मावशी कुजबुजली, "झालं का नाही अजून?" एकीने खुर्चीची पाठ धरली. हळूहळू खोली गप्प झाली, आणि बसा म्हटल्यावर सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला.

मग मी नाचले, आणि त्या जागेवर येऊन थांबले. टाळी पडली नाही. रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. पहिल्या रांगेतल्या एका बाईकडे माझी नजर होती, तिच्या चपलेत पायाची बोटं हलत होती. माझ्याबरोबर ती पहारा देत होती. इतका आनंद मला नाचताना आजवर झाला नव्हता.

आया मुलांना घेऊन गेल्यावर दीदी जवळ आल्या. "जनवरी की तारीख़ लिख लीजिए। तबला नहीं चाहिए। मगर ये जो सबको खड़ा किया आपने, ये शो में रहेगा, और हॉल में सब खड़े होंगे।" मावशीने तिथल्या तिथे मला आणि दीदींना खस्ता कचोरी खायला घातली. सोबत बटाट्याची रस्सेदार सब्जी असते, ती पुन्हा मागितली तरी चालतं.

तुम्हाला या मोसमाला जायचं असेल तर शनिवार-रविवारचे प्रयोग धरा. जानेवारीत थंडी हाडात शिरते, शाल आणि पायमोजे घ्या. धुक्याने गाड्या लांबतात, म्हणून एक दिवस आधी पोहोचा. अलीगंजला मावशी नसेल तर चारबागजवळ साध्या खोल्या मिळतात, पण आधी बघून मगच पैसे द्या.

घरी आल्यावर पिशवीतून चिकनकारी भरतकामाचे दोन कुर्ते निघाले, पोट आणखी दोन दिवस कुरकुरलं. या सगळ्यात मी काय मिळवलं याचा हिशोब सोपा होता, तारीख मिळाली होती आणि चार मिनिटं शाबूत होती. बाबांनी माझा हा नाच कधी पाहिला नव्हता. "उभं राहाले तिकीट कोण काढते?" म्हणून ते नेहमी हसण्यावारी नेत. मी त्यांना सगळं सांगितलं. टाळ्या, दिवे, चाटची रांग, उभ्या राहिलेल्या आया. ते गुडघ्याला तेल चोळत ऐकत होते.

"म्हणजे जानेवारीत सगळ्याईलेच उभं राहा लागन?"

"हो बाबा. पूर्ण हॉल."

ते खाली बघतच म्हणाले, "मले आता नाही जमत, बेटा. मी बसून पाह्यलं तर चालन का?"

मी आत गेले, दीदींना फोन लावला आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची मागून घेतली.