एकोणऐंशीवर अडकलेला काटा

वजनाचा काटा एकोणऐंशीवर येऊन बसला आणि दहा आठवडे तिथून हलला नाही. शहाऐंशीवरून एकोणऐंशीपर्यंत मी चार महिन्यांत आले होते, त्यामुळे डोक्यात जरा हवा गेली होती हे कबूल करते. रोज पहाटे साडेपाचला बारवी रस्त्याने अडीच किलोमीटर जायचं, तेवढंच परत यायचं, आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी बदलापुरातल्या आमच्या बाजूच्या जिममध्ये घाम गाळायचा. पाऊस असो, लग्नसराई असो, शाळेच्या ऑफिसात परीक्षेची धांदल असो, मी एक दिवस चुकवला नाही. एवढं करून काटा तसूभर हलत नसेल तर माणसाने तो उचलून खिडकीतून फेकावा की नाही? मी फक्त त्याचे सेल बदलून पाहिले. नव्या सेलवरही एकोणऐंशीच.

"आंटी, टेन्शन नका घेऊ," जिममधली ट्रेनर म्हणायची. "इसको प्लॅटो बोलते हैं. सगळ्यांनाच येतो. बॉडीला सवय होते ना, मग ती अडून बसते." ती अंबरनाथच्या बुवापाड्यातून स्कूटीवर यायची. वय फार तर चोवीस. वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवायची. माझी मुलगी अगदी तशीच बोलायची, म्हणून तिच्यावर मला धड रागावता येत नसे. नाहीतर आंटी म्हणणाऱ्याला मी सोडत नाही.

तिने सगळे उपाय केले. सपाट रस्त्यावर एका चालीने चालू नका, मध्येच दोन मिनिटं भरभर चाला. नुसत्या सायकलवर बसू नका, डंबेल्स उचला. मी पंचावन्नाव्या वर्षी डंबेल्स उचलले. दंडात गोळे आले, काटा तिथेच. चालायला बरोबर येणाऱ्या बायकांपैकी दोघींचे दोन-दोन किलो उतरले, आणि त्या माझ्यामागून महिन्याभराने लागल्या होत्या. त्यांचं अभिनंदन मी फार चांगल्या मनाने केलं असं म्हणणार नाही.

सगळ्यांना वाटायचं मी हे साखरेसाठी आणि गुडघ्यासाठी करतेय. डॉक्टरांनी सांगितलं होतं हे खरं, पण डॉक्टर तर सहा वर्षं सांगत होते. खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला चार जिने चढायचे होते.

माझी मुलगी उल्हासनगरला राहते, कॅम्प एक नावाच्या भागात, चौथ्या मजल्यावर. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. बदलापूरहून ते काही सातासमुद्रापलीकडे नाही. तरी मी तिला दोन वर्षं पाहिलं नव्हतं, आणि त्याला मीच कारण होते.

लग्नाचं सांगायला तिने रविवारची दुपार निवडली होती. मी तिघांची पानं वाढत होते. मुलगा सिंधी, तिच्याच ऑफिसातला, वडिलांचं कापडाचं दुकान, शांत स्वभाव. मला त्या मुलात काही खोट काढता आली नाही म्हणून मी जास्तच चिडले. भावकी काढली, चामटोलीच्या माहेरची माणसं काढली, तिच्या शिक्षणापायी आम्ही काय काय केलं ते सगळं काढलं. ती खाली मान घालून ऐकत होती, आणि तिच्या गप्प बसण्याने माझी जीभ आणखी सुटली. शेवटी म्हणाले, "या घरात यापुढे तुझं ताट वाढलं जाणार नाही." तिने समोरचं ताट बाजूला सरकवलं, उठून हात धुतले आणि गेली. शेवटी माझीच मुलगी. माझा शब्द तिने जसाच्या तसा पाळला. कोर्टात लग्न झालं, तिचे वडील जाऊन आले, मी घरी बसून पडद्यांना इस्त्री केली.

बापलेकीचं फोनवर बोलणं चालू होतं. मला कळावं म्हणून माझा नवरा भिंतीकडे बघून बातम्या द्यायचा. "उल्हासनगरला आज पाणी आलं नाही म्हणे." "कुणाचं तरी प्रमोशन झालंय." मी भाजी चिरत राहायची आणि एकेक शब्द टिपायची. रागावलेल्या बाईला एवढे तीक्ष्ण कान असतात हे त्याला तीस वर्षांच्या संसारात कळलेलं होतं.

फोन का नाही केला, असं कुणीही विचारेल. मीही स्वतःला विचारलं. पण ते वाक्य मी तिच्या तोंडावर बोलले होते. ते मागे घ्यायचं तर तोंडावरच घ्यायला हवं, एवढं मला कळत होतं. म्हणून एकदा, लग्नाला वर्ष उलटल्यावर, नवऱ्याला न सांगता मी गेले. नवऱ्याच्या वहीतून पत्ता उतरवून घेतला होता. दोन रिक्षा बदलून कॅम्प एकमध्ये उतरले. दुकानांच्या गर्दीतून ती इमारत सापडली. पहिला मजला चढले. दुसऱ्याच्या अर्ध्यावर गुडघ्यातून कळ आली आणि श्वास असा लागला की मी पायरीवरच बसले. एका दारातून म्हातारी सिंधी बाई बाहेर आली. तिने पाणी दिलं, पदराने वारा घातला आणि विचारलं, "किसके घर जाना है, बेटी?" वर अजून अडीच मजले होते. अशा अवस्थेत, घामाने निथळत, तोंडातून शब्द फुटत नसताना लेकीच्या दारात उभं राहायचं? मी म्हणाले, "गलत बिल्डिंग में आ गयी," आणि कठडा धरून खाली उतरले. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. पुढच्या सोमवारी मी चालायला लागले.

त्यामुळे काटा अडकला तेव्हा मला नुसतं वाईट वाटलं नाही, भीती वाटली. आमच्या इमारतीत मी जिना चढून पाहत होते. तिसऱ्यापर्यंत जात होते, चौथ्याला गुडघा नाही म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन किलो उतरवा, बघा कसा फरक पडतो. दोन-तीन किलो. आणि शंभर-शंभर ग्रॅमसाठी मी तरसत होते.

मग ट्रेनरने वही काढायला सांगितली. तोंडात जाईल तो कण न् कण लिहायचा. मी शाळेत क्लार्क आहे, नोंदी ठेवणं माझ्या हाडात आहे. पंधरा दिवस लिहिलं. तिने वही पाहिली, पेनाने डोकं खाजवलं आणि म्हणाली, "आंटी, एवढंच खाऊन वेट थांबेल कसं? कुछ तो मिसिंग है."

"म्हणजे मी खोटं लिहिते?"

"नाही ओ आंटी, विसरलं असेल काही..."

"मी विसरत नाही," मी म्हणाले आणि वही ओढून घेतली. घरी येऊन ती ओट्यावर आपटली. नवऱ्याने ती उचलून शांतपणे वाचली, अगदी पहिल्या पानापासून. मग या खेपेला भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "सकाळचं लिहिलं नाहीस."

"लिहिलंय की. एक भाकरी, एक वाटी उसळ."

"ते नाही. त्याच्या आधीचं. तिचं."

मी वही त्याच्या हातातून घेऊन मिटली.

माझ्या माहेरी एक रीत होती. घरातलं माणूस बाहेर असलं की त्याचा वाटा काढून ताट झाकून ठेवायचं. वडील कारखान्यात रात्रपाळीला, भाऊ शेतावर राखणीच्या माळ्यावर मुक्कामाला, कुणी दूरच्या लग्नाला गेलेलं, सगळ्यांचं ताट झाकलेलं असायचं. ते माणूस आज येणार नाही हे ठाऊक असलं तरी. आमची आय म्हणायची, "बाहेर गेलेल्याचा वाटा ठेवाचा, बाय. नायतं त्याला घरची याद कशी येल?" रात्री त्या ताटाला कुणी हात लावायचा नाही. सकाळी ते अन्न घरच्या बाईने खायचं, टाकायचं नाही.

ज्या रविवारी मी ते वाक्य बोलले त्याच रात्री भात घेताना माझ्या हाताने एक मूठ जास्त घेतली. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण दुसऱ्या रात्री मुद्दाम केलं, आणि मग रोज. दोन पोळ्या, भाजी, वाटीभर भात, आमटी. तिला आवडतात म्हणून बटाट्याच्या काचऱ्या आठवड्यातून दोनदा, तेलात खरपूस. जी बाई ताट वाढणार नाही म्हणाली, तिचेच हात रोज लेकीचं ताट वाढत होते. सकाळी चालून आल्यावर मी ओट्याशी उभी राहून त्या पोळ्यांचा कुस्करा करायची, भाताला फोडणी द्यायची आणि खाऊन टाकायची. वहीत ते लिहावं असं एकदाही मनात आलं नाही, कारण ते माझं खाणं नव्हतंच. ते तिचं होतं. मी पाच किलोमीटर चालून येत होते आणि रोज दोन माणसांचं जेवत होते. यात काटा बिचारा काय करणार?

ट्रेनरला मी दुसऱ्या दिवशी एवढंच सांगितलं की सकाळचं शिळं लिहायचं राहून जात होतं. ती हसली. "बघा, मिळाला चोर. ते बंद करा, गाडी सुटेल." तिच्या दृष्टीने गोष्ट संपली.

बंद करा म्हणणं सोपं होतं. त्या संध्याकाळी मी तांदूळ दोघांपुरते मोजून घेतले आणि हात डब्यात तसाच राहिला. नवरा स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. मी त्याला म्हणाले, "हे बंद केलं तर ती खरंच गेली असं होईल." तो म्हणाला, "ती गेलीच आहे. रोज रात्री तू इथे तिची वाट बघतेस आणि तिला ते माहीतसुद्धा नाही." एवढं लांब वाक्य तो वर्षातून एखाद्या वेळी बोलतो. मी डब्याचं झाकण लावलं. जेवणं झाल्यावर पातेली घासायला टाकली. ओट्यावर काही झाकलेलं नव्हतं. सकाळी चालून आल्यावर मी ओट्याशी गेले आणि काय करायचं ते न कळून नळ सोडून उभी राहिले. मला तिची आठवण दोन वर्षं येत होतीच, पण खाण्याच्या निमित्ताने मी तिला रोज थोडी जवळ घेत होते. आता ती निव्वळ आठवण उरली, आणि ती फार जड होती.

काटा मात्र हलला. आठवड्याने अठ्ठ्याहत्तर पॉइंट सहा. तिसऱ्या आठवड्यात सत्त्याहत्तर. ट्रेनरने टाळ्या वाजवल्या, "आंटीने प्लॅटो तोडा!" म्हणून सगळ्या जिमला ओरडून सांगितलं. बायका पेढे मागायला लागल्या. मी त्यांना म्हणाले, पेढे खायचे तर जिममध्ये कशाला येता? आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तोंड धुण्याच्या निमित्ताने रडून घेतलं. एवढं हवं असलेलं मिळालं आणि आनंद म्हणून झाला नाही.

पुढच्या महिन्यात शहात्तर झालं तेव्हा आमच्या इमारतीचे चार मजले मी एकदा थांबून चढले. रविवारी सकाळी साडी नेसत असताना नवऱ्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणाले, "उल्हासनगर." तो चष्मा शोधायला लागला. "मी येतो."

"नको. तुम्ही आलात तर मी धीर सुटून तुमच्यावरच ओरडत बसेन."

बरोबर काही नेलं नाही. शब्द मात्र रिक्षात बसल्यापासून घोकत होते. मी चुकले. मी बोलले ते चुकीचं होतं. तू घरी ये, दोघंही या. एवढंच. पंचावन्न वर्षांत मी कुणाला चुकले असं म्हणाल्याचं मला आठवत नाही. पहिला मजला चढले, दुसरा चढले. तिसऱ्यावर थांबून पन्नासपर्यंत आकडे मोजले. चौथ्यावर पोचले तेव्हा पाय लटपटत होते, पण मी उभी होते.

दार तिनेच उघडलं. ओले केस, हातात कपड्यांची बादली. ती आधीपेक्षा भरली होती, गालावर नवीन गोलाई होती. मी तिच्याकडे बघत राहिले. घोकलेलं सगळं एकदम पुसलं गेलं. श्वास लागला होता म्हणून की आणखी कशाने, कुणास ठाऊक. "मी," एवढंच बोलले. पुढे येईना. पुन्हा प्रयत्न केला, "मी..." तिने बादली खाली ठेवली. मला वाटलं आता दार लावेल, आणि लावलं असतं तरी मला बोलायला जागा नव्हती.

तिने मान वळवून आत हाक मारली, "मम्मी, बाहर आइये ना. मेरी आई आयी है."

मी उंबऱ्यावर मटकन बसले. तिची सासू धावत आली, माझा घाम पुसायला लागली आणि चार जिने चढायला लावणाऱ्या इमारतीला नावं ठेवायला लागली. मी तिला नावं ठेवू दिली.