लाकडी दांडी आणि आर्डिस शेलबर्ग

आर्डिस शेलबर्ग एकाहत्तर वर्षांच्या आहेत. आमच्या मिनेसोटातल्या गावात गेली एकतीस वर्षं त्या मुलांना उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला शिकवतात. पाळी आल्यावर बंदुकीत एकच काडतूस भरायचं. नियमापेक्षा जास्त सापडलं, की त्या मुलाचा हंगाम तिथंच संपला. सख्ख्या भाच्यालाही त्यांनी असंच घरी पाठवलं होतं. त्यावर बहिणीनं दोन नाताळ त्यांना जेवायला बोलावलं नाही. माझी मुलगी सिग्ने मैदानावर असताना मी घरी बसू शकते, ती या बाईंच्याच भरवशावर.

सप्टेंबरात संधिवातानं त्यांची बोटं आखडली, म्हणून सिग्नेनं त्यांची बंदूक साफ करायला आमच्या स्वयंपाकघरात आणली. बदकांच्या शिकारीला बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. त्यासाठी काडतुसांच्या नळीत एक लाकडी दांडी बसवतात. सिग्नेनं ती काढून टेबलावर ठेवली आणि फोन घ्यायला गेली. मला ती साधी काडी वाटली. टेबल आवरता आवरता मी ती कलंडलेल्या जिरेनियमच्या कुंडीत टेकू म्हणून खोचली. सिग्ने परत आली आणि बोलण्याच्या नादात दांडीशिवायच बंदूक जोडून मोकळी झाली.

बदकांच्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी तळ्यावर शिकार अधिकाऱ्यानं आर्डिस यांची बंदूक तपासली. भरलेली काडतुसं दोनच होती, पण कायदा किती भरली ते विचारत नाही, किती मावतात ते विचारतो. चौथंही आत गेलं. कोरी नावाचा हा अधिकारी त्यांचाच जुना विद्यार्थी.

"बाई, मी काही पाहिलं नाही," तो म्हणाला.

"पाहिलंस. लिही. आणि नीट लिही, तुझं अक्षर अजून तसंच आहे."

दंड भरून विषय संपला असता. पण सोमवारी त्यांनी स्वतःचा नियम स्वतःलाच लावला आणि हंगामापुरतं मैदान सोडलं. प्रशिक्षण घेतलेली दोन मोठी माणसं हजर नसतील तर मुलांना नेम धरता येत नाही. उरलं एकच. स्पर्धेच्या दोन फेऱ्या बाकी आणि मुलांचा संघ बंद.

कुंडीतली काडी म्हणजे काय ते तेव्हा मला कळलं, आणि मी ती दांडी उपसून त्यांच्याकडे गेले. चूक माझी आहे, तुमची नाही, असं तासभर सांगत राहिले. मुलांनी काय केलंय, हेही विचारलं. त्यांनी दांडीची माती पुसली, आणि माझ्यापुढे ओव्हनमध्ये भाजलेली बटाट्याची भाजी ठेवली.

शेवटी म्हणाल्या, "बंदूक मी हातात घेतली. तपासली नाही. आता मुलांना कुठल्या तोंडानं जाब विचारू?"

"मग संघाचं काय?"

"दुसरं मोठं माणूस लागतं ना? तू उभी राहा."

"मी? मला बंदुकीची भीती वाटते, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे. टेबलावर पडलेली काडीसुद्धा तुला बघवत नाही. तुझ्यासमोर दुसरं काडतूस भरायची कुणाची छाती होईल, अगं?"

उद्या सकाळी माझी प्रशिक्षणाची परीक्षा आहे. पुस्तक तिसऱ्यांदा वाचतेय आणि दर पानाला त्या हट्टी बाईवर चिडतेय. जिरेनियम पुन्हा कलंडलंय. त्याला साधा चमचासुद्धा टेकू लावायचा मला धीर होत नाही.