पिवळं वर

चित्रप्रदर्शनाच्या दारातच अर्डिथ कॉर्कमच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं चित्र चौकटीतून आरपार स्क्रू मारून भिंतीला जखडलं होतं, आणि खाली पाटी होती, 'पतीच्या निधनानंतर'.

कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या त्या बंदरात सगळे होड्या आणि दीपगृहं रंगवत. अर्डिथच्या चित्रात नुसते रंग. "हे काय आहे?" असं कुणी विचारलं की ती म्हणे, "मजा आहे." प्रत्येक चित्राच्या पाठीला ती चारही बाजूंनी तार लावी. वाटेल ती बाजू वर करून टांगा. नवरा व्हर्नन जन्मभर लॉबस्टर धरणारा. चित्रातलं त्याला ओ की ठो कळत नसे. पण दर रविवारी मासे तळता तळता तेलकट हातांनीच तो घरात टांगलेलं हे चित्र फिरवायचा. "आज पिवळं वर गं, अर्डी! ऊन पडलंय."

शेवटच्या रविवारी वादळ होतं, म्हणून त्याने काळं वर केलं. त्याच आठवड्यात तो गेला. तेव्हापासून तिच्याच्याने ते फिरववेना. म्हणून तर तिने ते प्रदर्शनाला दिलं होतं. कुणीतरी परकं माणूस हसत हसत फिरवेल, एवढीच आशा होती.

"ही पाटी कुणाची अक्कल?" तिने गॅलरीवाल्या प्रिशिलाला गाठलं.

"अगं, लोक डोळे पुसतायत. दुःख म्हटलं की चित्र कळतं त्यांना. नुसती मजा म्हटली तर वाटेल, म्हातारी वेळ घालवतेय."

"वाटू दे की! माझ्या नवऱ्याच्या मरणाचं दुकान मांडायला तुला सांगितलं कुणी? स्क्रू काढ."

"आत्ता? पाहुण्यांसमोर?"

अर्डिथने चीजच्या ताटातली सुरी उचलली आणि स्वतःच स्क्रू पिळायला लागली. भिंतीचे पोपडे खाली पडले. तिला प्रिशिलाचा राग आला होता, पाटीचा आला होता, आणि काळं वर ठेवून निघून गेलेल्या व्हर्ननचा तर सगळ्यात जास्त. पाटी फाडून तिने खिशात कोंबली. एक स्क्रू तिने भिंतीत पुन्हा अर्धा पिळला आणि त्यावर तारेने चित्र टांगलं, पिवळं वर करून. 

 मग एक दाढीवाला कोळी पुढे आला. "मी फिरवू का एकदा?"

"आधी काहीतरी खाऊन ये," अर्डिथ खेकसली. "हात तेलकट पाहिजेत."