आधी पूजा, मग सुई

तुमच्या घरात किती शांतता आहे, असं शेजारीण म्हणते तेव्हा मी नुसती हसते. आमच्या सकाळचं वेळापत्रक कुठं लिहिलेलं नाही, पण शाळेच्या घंटेपेक्षा आम्ही ते जास्त पाळतो. आधी आंघोळ, मग पूजा, मग यांची इन्शुलिनची सुई, लगेच ताट, आणि दुकान त्यानंतर. हे सगळं आम्हाला भीतीनं शिकवलं.

यांचं जिंतूरला बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. मी जवळच्या एका गावात शिक्षिका, सकाळच्या एसटीनं जाते. आम्ही लिंगायत; गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय आमच्या घरात कुणी तोंडात घास घालत नाही. चहासुद्धा नाही. माहेरीही तेच होतं, त्यामुळं मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. पण या नेमात सुई कुठं बसवायची, ते कुणाला विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. सुई घेतली की लगेच जेवायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मला बस गाठायची असायची, म्हणून निघण्याआधी मी सुई द्यायचे आणि मग आंघोळ, पूजा उरकून हे जेवायला बसायचे. कसंबसं निभत होतं, म्हणून आम्हाला वाटलं की बरोबर चाललंय.

पेरणीचे दिवस होते. सुई दिली आणि फोन आला, सोयाबीनच्या बियाण्याचा ट्रक आलाय, शटरपुढं गर्दी झालीय. आत्ता येतो म्हणून हे आंघोळ न करताच गेले. मी स्टँडवर गेले, तर बस काही येईना. शेवटी गाडीवर सोडायला सांगावं म्हणून वैतागतच दुकान गाठलं. हे काउंटरमागं उभे होते, शर्ट घामानं चिंब. माझ्याकडे बघून म्हणाले, "काय पायजे, बाई?"

गिऱ्हाईकं हसली. यांचा स्वभावच टिंगलीचा, त्यामुळं रागात का होईना, मीही हसले. मग त्यांचे हात दिसले. थरथरत होते, आणि त्या हातांनी हे एकच पावती पुन्हा पुन्हा दुमडत होते. सुई घेतलेली आणि पोटात काही नाही, यांची साखर उतरली होती. शेजारच्या हॉटेलातून साखर आणून तोंडाशी नेली, तर यांनी दात आवळले. "पूजा व्हायचीय," एवढंच म्हणाले. बायको ओळखू येत नव्हती, पण पूजा राहिलीय हे पक्कं ठाऊक होतं. त्या क्षणी मला देवाचा राग आला, हे लिहायला मी आज लाजत नाही. दोन गिऱ्हाईकांनी यांना धरलं, मी हिरड्यांवर साखर चोळत राहिले आणि सुचेल ते बोलत राहिले. हळूहळू डोळ्यांत ओळख आली. मग दवाखान्यात नेलं.

त्यानंतर भीती घरातच राहायला आली. वर्गातून मी फोन करायचे. उचलला नाही, तर पोरांना पाढे लिहायला लावून व्हरांड्यात येरझाऱ्या. उचलला, की भांडण. मी काय लेकरू हाय का, असं हे चिडून विचारायचे आणि रात्रीचं जेवण मुकाट्यानं व्हायचं. सासूबाई सगळं बघत होत्या. पूजेचा विषय काढला तर त्या खवळतील, अशी मला धास्ती होती, कारण नेमधर्मात त्या आम्हा सगळ्यांपेक्षा कडक. एका सकाळी मी सुई भरायला घेतली, तर त्यांनीच माझा हात धरला.

"आदी पूजा होऊ दे. मग सुई, आन सुईमागं ताट. दुकान कुठं पळून जायलंय का?" मग यांच्याकडे वळून म्हणाल्या, "आन कवा साखर खायची येळ आलीच, तर पूजेची वाट बघायची न्हाई. शिवाला कळतंय समदं."

मी लवकर उठायला लागले, हे शटर उशिरा उघडायला लागले. गिऱ्हाईकांनी थोडे दिवस कुरकुर केली आणि मग तीही सरावली. यांची साखर ताळ्यावर आली. भांडणं थांबली, जेवताना पुन्हा टिंगल सुरू झाली. मी मात्र यांचं ताट रिकामं होईपर्यंत जागची हलायची नाही.

मागं परभणीला प्रशिक्षण होतं, मुक्कामी राहावं लागलं. सकाळी फोन केला, तर हे म्हणाले, सुई घेतली, जेवलो, तू निवांत राहा. परत आले तर सासूबाईंनी दारातच हळू आवाजात सांगितलं, की तू गेल्यापासून त्यानं सुईला हात लावलेला नाही. माझा पारा चढला. एवढं सगळं भोगून या माणसाला कशाचं काहीच नाही, असं वाटलं. चप्पल न काढताच आत गेले आणि खोटं का बोललात म्हणून विचारलं. हे पलंगाच्या कडेला बसले होते.

"सुई घेतली की तुझं तोंड बघावं लागतंय," म्हणाले. "ओळखू येतंय का, म्हणून. तू नव्हतीस."

डॉक्टरांना फोन करून विचारलं, मग सुई भरली. सासूबाईंनी ताट वाढलं. पहिला घास हातात घेऊन यांनी मान वर केली आणि माझ्याकडे नीट बघितलं. यांचं बघून होईपर्यंत मी हलले नाही.